ओटोकाकांच्या बटाट्यांचं गुपित

"आत्या, इंजिन पुन्हा खोकतंय!" कॅस्पर ओरडला.

फट्... फट्... आणि बोट भर सरोवरात गप्प झाली! मार्च संपत आला तरी मिशिगन सरोवराचं पाणी बर्फासारखं गार होतं. त्याच्या आत्याने, हेल्गाने, इंधनाचा फिल्टर उघडला. आत थिजलेल्या तुपासारखं काहीतरी पांढरं साचलं होतं.

"आठवड्यात तिसऱ्यांदा!" ती पुटपुटली.

टपाल, औषधं, दवाखान्यात निघालेल्या आज्या, सगळं बेट हेल्गाच्या या बोटीवर अवलंबून होतं. बेटावर दर शुक्रवारी मासे तळायची रीत. तळणीचं उरलेलं तेल हेल्गा पिंपांत गोळा करायची आणि शेडमध्ये त्याचं बायोडिझेल बनवायची. पाच वर्षं बोट त्यावर मजेत धावली होती.

"आज संध्याकाळी बेटाच्या समितीची बैठक आहे," तिची मुलगी इंग्रिड म्हणाली. "बायोडिझेलवाली बोट नको, टपालाचं काम दुसऱ्याला द्या, असं ओटोकाका म्हणतायत."

"खानावळवाले? ते तर स्वतःच तेल देतात!" सुट्टीसाठी मिल्वॉकी शहरातून आलेला कॅस्पर चकित झाला.

"मला भूक लागलीय," त्याची धाकटी बहीण डॉटी म्हणाली.

"तुला कधी लागत नाही?" कॅस्पर म्हणाला.

किनाऱ्याला लागताच तिघं शेडमध्ये घुसली. फळीवर इंधनाच्या तीन नमुन्यांच्या बाटल्या होत्या. ज्यांच्या तेलाचं इंधन, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या: चर्च, शाळा, ओटो. शेगडीच्या उबेत तिन्ही सारख्याच पिवळ्याधमक दिसत होत्या.

"इथे ऊब आहे, पण टाकी तर गार पाण्यात असते!" इंग्रिडने टाळी वाजवली. "चला, यांनाही आंघोळ घालू!"

त्यांनी बाटल्या दोरीला बांधून धक्क्यावरून पाण्यात सोडल्या.

"काय रे, बाटल्यांनी मासे पकडताय?" एका कोळ्याने टोमणा मारला.

"मासा नाही, चोर!" कॅस्परने सुनावलं.

तासाभराने दोऱ्या ओढल्या. चर्च स्वच्छ, शाळाही स्वच्छ. आणि ओटोची बाटली दुधासारखी पांढरी!

"पण ओटोकाका कबूल होणार नाहीत," इंग्रिड म्हणाली.

"मग विचारायचंच नाही. कौतुक करायचं," डॉटी म्हणाली. "काल मी त्यांचे बटाटे खाल्लेत. चव बदललीय!"

संध्याकाळी बैठकीसाठी ओटोकाकांची खानावळ गच्च भरली होती. ओटोकाका हात नाचवत सांगत होते, "तेल कढईत शोभतं, इंजिनात नाही!"

तेवढ्यात डॉटी मोठ्याने म्हणाली, "ओटोकाका, असे बटाटे मिल्वॉकीतही मिळत नाहीत! काय जादू करता हो?"

ओटोकाका फुलले. "आजोबांची रीत, पोरी! महिना झाला, तेल बंद. निव्वळ डुकराची चरबी!"

"आणि उरलेली चरबी कुठे ओतता?" इंग्रिडने विचारलं.

"कुठे म्हणजे? हेल्गाच्या पिंपा..." त्यांनी जीभ चावली.

इंग्रिडने पाण्यात गार ठेवलेल्या तिन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या. पांढरी फक्त ओटोची! सगळी खानावळ खो खो हसली! ओटोकाकांचे कान लाल झाले.

हेल्गा मात्र उठून म्हणाली, "चूक माझीही आहे. चरबीचं इंधन उन्हाळ्यात चालेल, थंडीत गोठतं. मी पिंपं उचलत राहिले आणि आत काय आहे ते विचारलंच नाही."

"उद्या टाकी धुवायला मी येतो," ओटोकाका पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी टाकी धुऊन झाली आणि दुपारी समितीच्या अध्यक्षबाई स्वतः बोटीत बसल्या. जाऊन येईपर्यंत इंजिन एकदाही खोकलं नाही. धुराला तळणीचा खमंग वास येत होता आणि डॉटीला अर्थातच भूक लागली होती.

"टपालाचं काम हेल्गाकडेच राहील," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्ही मोठी माणसं भांडत बसलो आणि पोरांनी बोट वाचवली. शाबास!"

हेल्गाने पिंपांवर नावं लिहायचा ब्रश इंग्रिडच्या हातात ठेवला. "आजपासून पिंपं तुझी. न विचारता एकही उचलायचं नाही."

इंग्रिड तडक ओटोकाकांच्या मागच्या दाराशी गेली. "ओटोकाका, आत काय आहे?"

"तेल! नुसतं तेल! शपथ!" ओटोकाका आतून ओरडले. "चरबीचा डबा वेगळा ठेवलाय, बाईसाहेब!"