छताची पाठ

ताईला कौतुक लागायचं. चहात साखर लागते तसं नाही, चहाऐवजीच. छताला प्लास्टरची नक्षी करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं, पण रोज कोणीतरी ते म्हणायला हवं. एक फूल पुरं झालं की परांचीवरूनच फोटो काढायचा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा आणि अंगठे येईपर्यंत थापीला शिवायचं नाही. गवंडीकाम करणारा तिचा धाकटा भाऊ खालून ओरडायचा, "ताई, माल आळला! अंगठ्यांनी छत भरणार आहेस का?"

छत एका जुन्या नाट्यगृहाचं होतं. कित्येक वर्षं बंद पडलेलं, आता दुरुस्त होऊन उघडणार होतं आणि दाराशी ताईच्या नावाची पाटी लागणार होती. एवढी वर्षं राबून पहिल्यांदाच. त्या पाटीवर तिनं जीव टांगला होता म्हणा ना.

काम संपत आलं तेव्हा छत धरून ठेवणाऱ्या तारा तपासायला ती वर गेली. अशा छताला वरूनही एक बाजू असते, हे प्रेक्षकांच्या गावीही नसतं. भिंतीतल्या झडपेतून आत शिरायचं आणि लाकडी तुळईवर पोटानं सरपटत जायचं. डोक्यावर पत्रे, खाली छताची पाठ. ओबडधोबड प्लास्टर, त्यात रुतलेलं गोणपाट, गंजलेल्या तारा. पाठीला कोण कशाला नटवेल?

पण मधोमध, झरोक्याचा उजेड पडत होता तिथे, ती पाठ नटलेली होती.

वेली, देठ, पानं. पानांच्या मागच्या अंगालाही शिरा होत्या. दोन वेलींमधल्या फटीत, जिथे नजर पोचायची कसलीच सोय नव्हती, तिथेही कोणी एक कळी करून ठेवली होती. ताईनं बोट लावून पाहिलं. कळी ओली होती.

ती चरकली. प्लास्टर चहा निवायच्या आत आळतं. म्हणजे कोणीतरी आत्ताच इथून उठलं होतं. पण तुळईवर बोटभर धूळ होती आणि धुळीत माग होते ते फक्त तिच्याच कोपरांचे.

"वा!" तिच्या तोंडून निघून गेलं.

नाकासमोरचं ओलसर करडं पान पांढरंफटक पडलं, तडकलं आणि पीठ होऊन सांडलं.

दुसऱ्या दिवशी ती धाकट्याला घेऊन आली. तो तुळईवरून सरपटत नक्षीपर्यंत गेला. मग म्हणाला, "आईशप्पथ! हे तुझ्याहून भारी आहे गं."

हातभर वेल त्याच्यासमोर भुगा होऊन गेली.

"जुनं असेल. कुजलंय," तो म्हणाला आणि मागे सरकला.

"चांगलं म्हणू नकोस त्याला."

"मग वाईट म्हणू?"

"तोंड मिट ना रे बाबा!"

धाकटा पुन्हा वर आला नाही. ताई मात्र रोज जायची. रोज काहीतरी नवं उमललेलं असायचं, रोज ओलं. आधी तिचा जळफळाट झाला. मग स्वतःचीच लाज वाटली. मग ती नुसती बघत पडून राहायला शिकली. मनातसुद्धा 'छान' म्हणायचं नाही, कारण एकदा तसं म्हटल्यावर एक कोंभ गळाला होता. एवढं सुंदर काही जगात आहे आणि त्याला आपण बघायलाही नको आहोत, या विचारानं तिच्या अंगावर काटा यायचा. डोळे भरून यायचे ते वेगळंच.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी त्या नक्षीत तळहाताएवढी जागा कोरी होती. शेजारी प्लास्टरचा ताजा कालवलेला गोळा होता.

ताईनं इकडेतिकडे पाहिलं नाही. थापी घेतली आणि एक पान केलं. फोटो काढला नाही. कसं झालंय हा प्रश्नच तिला पडला नाही. ती बाहेर आली तेव्हा काम संपलं म्हणून धाकटा झडप विटांनी बुजवायला तयार उभा होता.

"आत कोणी नाही ना?" त्यानं विचारलं. हसायचं मात्र विसरला.

"मी बाहेर आलेय ना? मग?"

त्यानं झडप स्वतःच्या हातानं बुजवली, वर गिलावा केला.

संध्याकाळी पाटीवरचा पडदा सरला. सभागृह भरलं. ताई आणि धाकटा पहिल्या रांगेत बसले होते. व्यवस्थापक म्हणाले, "सगळ्यांनी एकदा वर बघा!" सगळ्यांनी वर बघितलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

एका 'वा'नं पान जातं, मग एवढ्या टाळ्यांनी काय उरणार? ताई छताकडे बघत राहिली.

काही पडलं नाही.

टाळ्यांच्या आडून एक आवाज येत होता. छताच्या वर कोणीतरी थापी फिरवत होतं. सावकाश. टाळ्या वाढल्या तरी तो आवाज वाढला नाही, टाळ्या संपल्या तरी संपला नाही. त्याला टाळ्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

ताईला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं.

"ताई," धाकटा कुजबुजला, "झडप तर मी..."

तो तिच्या मांडीकडे बघत होता. तिचा उजवा हात तिथे होता, बोटं थापी धरल्यासारखी वळलेली. हात पुढे जात होता, मनगट वळत होतं, हात मागे येत होता. तिला पत्ताच नव्हता.

लोक बघताहेत म्हणून धाकट्यानं तिच्या हातावर आपला हात ठेवला.

वरचा आवाज थांबला.

धाकट्यानं हळूच हात काढून घेतला.