आजीच्या चेहऱ्यावरचे ठिपके

माझ्या आजीचं नाव शीतल, पण स्वभाव तांबड्या रश्श्यासारखा. कोल्हापुरात एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर ती एकटी राहते. म्हणजे ती आणि दगडू. दगडू हा तिचा घरकाम करणारा रोबोट. तो बोलायला लागला की थांबत नाही, आणि आजी त्याच्याशी बोलत नाही.

आई-बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला गेले आणि सुट्टीभर मला इथं ठेवलं. शेजारी माझ्या वयाचं कुणी नाही. दाराची बेल वाजते ती फक्त ड्रोन भाजी घेऊन आला की. मला इतकं एकटं वाटायचं की एकदा मी लिफ्टशी गप्पा मारल्या. ती आपली "दार बंद होत आहे" एवढंच म्हणायची. जळलं मेलं लक्षण!

काही उद्योग नाही म्हणून मी कपाट उचकलं, तर एक फोटो सापडला. घोड्यावर बसलेली तरुण आजी, नऊवारी नेसलेली, कमरेला तलवार आणि तोंडभर काळे ठिपके!

"दगडू, आजीला देवी आल्या होत्या का रे?"

"देवीचा रोग आजींच्या जन्माआधीच जगातून गेला," दगडू म्हणाला. "शिवाय हे ठिपके मोजूनमापून लावलेत. रोग इतक्या शिस्तीत येत नाही."

तेवढ्यात आजीनं मागून फोटो हिसकावला. "ठेव तो! त्याच्यावरून बोलणी ऐकून कान किटलेत माझे."

मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. जेवताना तिचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठं ती बोलली. तरुणपणी तिनं एका ऐतिहासिक सिनेमात नायिकेच्या ऐवजी घोड्यावर बसून ओढ्यावरून उडी मारली होती. पण पडद्यावर चेहरा दिसला नायिकेचा. शेवटच्या पाट्यांमध्येसुद्धा आजीचं नाव नव्हतं.

"तुझे आजोबा होते तोवर ते म्हणायचे, 'व्हय, बघितलंय मी.' ते गेले. आता व्हय म्हणायला कोण नाही. हळदीकुंकवाला सांगितलं तर बायका हसल्या. म्हणाल्या, शीतलताई, पुड्या सोडू नका. तुझा बापसुद्धा म्हणतो, असेल गं आई, असेल." तिनं ताट बाजूला सारलं. "हल्ली मी पण विसराय लागलेय, चार्वी. वाटतं, ती उडी खरंच मारली, का नुसतीच माझ्या मनात होती?"

मला रडूही आलं आणि रागही. आपल्याच आयुष्याबद्दल असं वाटणं किती वाईट! मी दगडूकडं वळले.

"चेहरा बदलतात कसा ते सांग. पाल्हाळ लावू नकोस."

"सिनेमा म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं," दगडू खुशीत म्हणाला. "सेकंदाला चोवीस. त्या प्रत्येक चित्रातला चेहरा बदलायचा. पण घोडा धावतोय, आजींचं डोकं वरखाली होतंय, वळतंय. नवा चेहरा अगदी तसाच हलला पाहिजे. म्हणून ठिपके. काजळ आहे का?"

आजी उठली आणि काजळाची डबी घेऊन आली. तिनं माझ्या कपाळावर, नाकावर, दोन्ही गालांवर, हनुवटीवर ठिपके लावले. ठिपके बरोबर जागच्या जागी पडले.

"अस्संच लावायचे बघ," ती एकदम म्हणाली. "मेकपवाला ओरडायचा, हसू नको, ठिपका सरकतो!"

दगडूनं कॅमेरा माझ्यावर धरला आणि समोरची भिंत पडदा झाली. मी डावीकडं वळले.

"बघ, नाकावरचा ठिपका डाव्या गालावरच्या ठिपक्याजवळ गेला. ठिपक्यांमधली अंतरं कशी बदलली यावरून डोकं किती वळलं ते कॉम्प्युटर ओळखतो. याला म्हणतात ट्रॅकिंग (प्रत्येक चित्रात खुणांचा माग काढणं)."

"आणि मग?"

"मग नायिकेला स्टुडिओत बसवायचं. तिनं तसंच वळायचं, तिच्यावर तसाच उजेड पाडायचा. तिचा चेहरा आजींच्या चेहऱ्यावर बसवायचा, कडा पुसट करायच्या, कातडीचा रंग जुळवायचा. वाऱ्यानं तोंडावर आलेले केस पुन्हा वरच्या थरात आणायचे. हे झालं कंपोझिटिंग (चित्रांचे थर रचून एकच चित्र करणं)."

"गोधडीसारखं?"

"गोधडीचे टाके दिसले तरी चालतात. इथं दिसले की चोरी पकडली! आणि चेहरा काही एकाच जागी नसतो. त्याची सावली मानेवर पडते, प्रतिबिंब ढालीत पडतं, पाण्यात पडतं. तेही सगळं बदलावं लागतं. कधी कधी राहून जातं."

मी ताडकन उठले. "आजी, उडी मारल्यावर काय केलंस?"

"काय करणार? माझा घोडा, पाखऱ्या, दमला होता. तो ओढ्यात पाणी प्यायला वाकला, मी त्याची मान थोपटायला वाकले."

"दगडू, लाव सिनेमा!"

भिंतीवर घोडा उडाला. आजी घोड्यावरच्या त्या चेहऱ्याकडं बघत होती. इतकी वर्षं ती तिथंच बघत आली होती आणि दर वेळी तिथं दुसरीच कुणीतरी होती.

"थांब! आता नुसतं पाणी दाखव. मोठं कर," मी म्हणाले.

गढूळ, हलणारं पाणी. पुढचं चित्र. त्याच्या पुढचं. मग लाटा जरा शांत झाल्या आणि घोड्याच्या नाकाशेजारी काहीतरी दिसलं. दगडूनं चित्र उलटं फिरवलं.

तोंडभर ठिपके होते. वर नायिका गंभीर होती, आणि खाली पाण्यात माझी आजी दात काढून हसत होती!

आजी भिंतीजवळ गेली. तिनं हात लावून बघितला. "हसले होते मी," ती हळूच म्हणाली. "उडी जमली म्हणून. ठिपका सरकला म्हणून बोलणी पण खाल्ली. मीच आहे की गं ही!" मी तिला घट्ट मिठी मारली.

"आजी, वरचा चेहराही परत तुमचा करू का?" दगडूनं विचारलं.

"त्याला म्हणावं, नको. त्या बाईनंही कष्ट केलेत. मला पाण्यातला बास."

संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. "चार्वी! तोंडाला काय झालं?"

"बाबा, आधी पाण्यात बघ!" मी ते चित्र पाठवलं. मागं समुद्रावरचा वारा घोंघावत होता, बाबांनी चित्र मोठं करून बघितलं.

"आई, तू खरंच..."

"मग काय पुड्या सोडत होते?" आजी फणकारली, पण बाहीनं डोळे पुसत होती.

"व्हय, आई," बाबा म्हणाले. "बघितलं मी."

कॉल संपल्यावर आजी पुन्हा भिंतीवरच्या चित्राजवळ गेली. मग म्हणाली, "तासगावची एक रुक्साना होती माझ्याबरोबर. मोटरसायकलवरून उड्या मारायची. तिचा पण चेहरा कुठं नाही. तिच्या सिनेमात आरसे लई होते बघ." आणि दगडूशी कधी न बोलणारी माझी आजी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "लाव रे दगडोबा."