बर्गेनची पिवळी पिशवी

"माझ्या नवऱ्याने मला मारायचा प्रयत्न केला," मालन मेस्त्री म्हणाल्या आणि प्लास्टरमधला उजवा हात त्यांनी टेबलावर ठेवला. "निदान मला तसं वाटतंय. नसेल, तर तेही तुम्हीच सांगा."

घाटकोपरच्या आपल्या छोट्या डिटेक्टिव्ह ऑफिसात रुचिरा दळीने वही उघडली. तिचा भागीदार डॅरिल पूर्वी वर्तमानपत्रात फोटोग्राफर होता. त्याने पंखा कमी केला.

मालनताई मुलुंडला राहायच्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून नवरा जयवंत आणि त्या उत्तर युरोपच्या क्रूझवर गेले होते. सोबत शेजारचं जोडपं होतं, रतन आणि प्रेमा. कोपनहेगन झालं, मग नॉर्वेतलं बर्गेन बंदर.

"पाऊस होता. गाइडने सगळ्यांना एकसारखे निळे रेनकोट दिले. डोक्यावर टोपी ओढली की कोण कुठला, कळत नव्हतं. जुन्या वस्तीतल्या दगडी पायऱ्या मी उतरत होते. मागून कोणीतरी दोन्ही हातांनी ढकललं. मी तोंडावर आपटले. मान वळवली तर सगळीकडे निळे रेनकोट."

"आणि संशय नवऱ्यावर का?"

"ह्यांना कायमचं मालवणला जायचंय, मला मुलुंड सोडायचं नाही. आदल्याच दिवशी जहाजावर म्हणाले, तुझ्यापायी मी अडकून पडलोय." त्यांचा आवाज बारीक झाला. "तीन आठवडे मी आतून कडी लावून झोपते."

त्या गेल्यावर डॅरिल म्हणाला, "सरळ आहे ना यार. नवराच."

"भेटू तर दे," रुचिरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रवास विम्याच्या चौकशीचं निमित्त करून दोघं मुलुंडला गेले.

जयवंत विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. "मी लोकरीच्या दुकानाबाहेर फोटो काढत होतो. प्रेमा आत शाल बघायला गेली. तिचा खांदा दुखत होता, म्हणून तिची पिवळी पिशवी मालनने गळ्यात घेतली. मी म्हटलं पण, आता मागून तू प्रेमाच वाटतेस. ती पुढे गेली आणि दोन मिनिटांत किंकाळी. मी धावलो. रतन माझ्याआधी पोचला होता. 'प्रेमा पडली, प्रेमा पडली' असं ओरडत होता."

"पिशवी दिली तेव्हा रतन तिथे होते?"

"नाही. तो आधीच टॉयलेटला गेला होता."

शेजारच्या फ्लॅटमध्ये रतनने हसत दार उघडलं. तो बांधकामाचा इंजिनिअर होता. इमारती तपासून धोका आहे की नाही, याचे दाखले द्यायचा.

"पायऱ्यांच्या खाली टॉयलेट आहे. तिथे म्हणजे कमालच, कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही! मी कार्ड लावून आत गेलो, बाहेर आलो तर हा गोंधळ. वहिनींचा पाय घसरला असणार, दुसरं काय?"

प्रेमा सोफ्याच्या कडेला बसली होती. तिने बर्गेनला शाल घेतली नव्हती, कारण दुकानात शिरल्यावर पैसे पिशवीत राहिल्याचं तिच्या लक्षात आलं. "ह्यांचं पाकीट, कार्डं, दोघांचे पासपोर्ट, सगळं माझ्याच पिशवीत असतं. हे कुठेही विसरतात. त्या दिवशीही ह्यांनी काही काढून घेतलं नव्हतं."

"तुम्ही नोकरी करता?"

"ह्यांच्याच ऑफिसात टायपिंग बघते. येत्या सोमवारी माझा जबाब..."

"ते ऑफिसचं आहे," रतन मध्येच म्हणाला. "विम्याशी संबंध नाही."

जिना उतरताना डॅरिल पुटपुटला, "मी अजून नवऱ्यावरच आहे."

"मीपण," रुचिरा म्हणाली. "फक्त वेगळ्या."

प्रेमाचा जबाब कसला, याची तिने दोन दिवस चौकशी केली; ती तिला विक्रोळीला घेऊन गेली. शनिवारी दुपारी दोन्ही जोडपी मालनताईंच्या हॉलमध्ये जमली. रुचिराने आपण कोण आणि मालनताईंचा संशय कोणावर होता ते सांगितलं, तेव्हा जयवंत बायकोकडे बघतच राहिले.

"मालनताईंना मारायचं कोणाच्याच मनात नव्हतं," रुचिराने सुरुवात केली. "एकसारख्या रेनकोटांत मागून ओळख एकच, पिवळी पिशवी. ढकलणाऱ्याला वाटलं, ही प्रेमा. पिशवी कोणाकडे आहे हे जयवंतरावांना ठाऊक होतं, त्यांनी त्यावर थट्टाही केली. म्हणजे ते सुटले. रतन, तुम्ही मात्र 'प्रेमा पडली' असं ओरडलात."

"पिशवी बघून कोणीही तेच ओरडेल!"

"बरोबर. त्यावरून एवढंच कळलं की अदलाबदल तुम्हाला माहीत नव्हती. आता टॉयलेट. कार्ड लावून आत गेलात म्हणालात. पण तुमचं कार्ड त्या पिशवीत होतं, मालनताईंच्या गळ्यात."

रतन घाईने म्हणाला, "एका गोऱ्याने दार धरलं होतं."

"त्या दिवशी तुमच्या सांगण्यात गोरा नव्हता."

डॅरिलने वहीतली त्यांची उत्तरं पाहिली आणि मान डोलावली.

"विक्रोळीत तुम्ही तपासलेल्या एका इमारतीची बाल्कनी कोसळून रखवालदार गेला," रुचिरा म्हणाली. "इमारत धोकादायक असल्याची नोटीस आधीच दिली होती, असा तुमचा दावा. तो कागद अपघातानंतर तयार झाला का, हे टाइप करणाऱ्या बाईलाच माहीत. तिचा जबाब सोमवारी आहे. प्रेमाताई, जहाजावर काय बोलणं झालं?"

प्रेमाने रतनकडे न बघता सांगितलं, "मी म्हटलं, मागची तारीख तुम्हीच घालायला लावलीत. मी खोटं बोलणार नाही. हे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बर्गेन होतं."

रतन उठला. "प्रेमा, चल घरी."

ती उठली नाही.

त्याने पुन्हा हाक मारली. जयवंत मधे येऊन उभे राहिले आणि डॅरिलने पोलीस चौकीला फोन लावला.

पोलीस रतनला घेऊन गेल्यावर मालनताईंनी प्रेमाला आतल्या खोलीत झोपवलं. रुचिरा निघायला उठली. खिडकीशी बसलेले जयवंत हळूच म्हणाले, "तुका खरांच तसां वाटलां?"

"वाटलां," मालनताई म्हणाल्या.

"माका विचारूचां तरी."

"विचारून काय? तुमी नाय म्हटला असतात. तां ऐकान माका झोप लागली नसती."

जयवंत उठले, प्रेमासाठी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले आणि साखरेचा डबा शोधत राहिले. मालनताई कितीतरी वेळ बसूनच होत्या. मग उठून त्यांनी तो काढून दिला.