मृणालीच्या मशीनमधली आगाऊ स्क्रिप्ट

रोह्याच्या कंपनीच्या गेटवर मृणालीची सायकल ज्याच्या पायावरून गेली, तोच तिचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला पेणच्या दुकानातून आलेला निघाला. नाव धनेश. लंगडतच तो लॅबमध्ये आला, स्क्रीनवरची चालू प्रोग्रामांची यादी पाहिली आणि हसत सुटला.

"एकच स्क्रिप्ट सतरा वेळा चालू केलीत तुम्ही!"

"मग काय करणार? चालू केली तरी कायच दिसत नाय—"

"मागं चालणारं काम दिसत नाय, मॅडम. गपगुमान चालतं. पीएस लिहिलं की चालू कामांची यादी येते, त्यात नंबर बघायचा, आणि ते बंद करायला किल लिहून तो नंबर टाकायचा… बस्स."

तिने एकेक करून सोळा बंद केल्या, एक ठेवली. मध्येच त्याच्या बोटाला तिचं बोट लागलं… तिने उगाचच डोळे वटारले.

ते शहाण्णव साल होतं. दिवसभर कंपनीतल्या टाक्यांचं तापमान टिपून पाच वाजता रिपोर्ट छापणाऱ्या त्या स्क्रिप्टवर मृणालीची नोकरी टांगलेली. लॅबच्या हैबतराव साहेबांनी सुनावलंच होतं, "अजून एकदा रिपोर्ट उशिरा आला, तर तुझ्या जागी दुसरी बघतो." आणि मशीन असं वैतागवाणं, की बुधवार आला की न चुकता रखडायचं! फोन केला की पाचच्या आत धनेश एसटीने हजर. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग. दुरुस्ती पाच मिनिटं, चहा मात्र तासभर! तो आपल्याला आवडायला लागलाय, हे तिने स्वतःशीसुद्धा चिडूनच कबूल केलं.

एका बुधवारी मशीन रखडलं आणि पेणचा फोन काही लागेना. साडेचार वाजलेले. शेवटी तिने स्वतःच यादी काढली. तिच्या स्क्रिप्टखाली आणखी एक होती, अनोळखी. तिने ती उघडून वाचली. बुधवारी दुपारी जागं व्हायचं, एकपासून कोटीपर्यंत आकडे मोजायचे, संपले की पुन्हा मोजायचे, म्हणजे मशीन त्यातच अडकून पडणार. वर लिहिणाऱ्याचं नाव… धनेश!

"मेल्या!" ती एवढ्याने ओरडली, की शेजारच्या टेबलावरची सरू दचकली.

नंबर पाहून तिने ती बंद केली. मशीन सुरळीत चाललं, रिपोर्ट वेळेवर गेला. आता त्याला बोलवायला कारणच उरलं नाही, आणि तिला जास्त राग आला तो याचाच.

गुरुवारी तो न बोलावता आला.

"फोन नाय आला तुमचा…"

"मशीन ठणठणीत हाय. आकडे मोजणारं कोणी नाय आता त्यात."

त्याचा चेहरा उतरला. "वाचलीत?"

"माझी नोकरी गेली असती, कळतंय का? गाढवा!"

"चुकलंच माझं… बोलावणं आल्याशिवाय दुकानातनं सोडत नायत, म्हणून टाकली ती. आज रजा टाकून आलोय. पहिल्या दिवसापासनं आवडता तुम्ही मला. एवढंच सांगायचं होतं… निघतो."

आणि तो खरंच निघाला की! मृणालीचं डोकंच फिरलं.

"थांब! सांगितलंस आणि चाललास? उत्तर ऐकायची पद्धत नाय का पेणला?"

तो दारातच थबकला. "काय… हाय उत्तर?"

"रविवारी घरी ये. आमच्याकडे कॉम्प्युटर नाय, तेव्हा बाबा विचारतील कशाला आलास…" तिने मान खाली घातली, "तर खरं काय ते सांग."