झेंडूच्या माळेचं हेल्मेट

ठोक्यानं सहावं हेल्मेट उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि तेही 'बाद'च्या पेटीत टाकलं.

सावनी घोगरेच्या तोंडचं पाणीच पळालं. अहो, परवाच्या खंडेनवमीला याच पोरीनं ती हेल्मेटं दिवसभर खपून रंगवली होती! भैरवमाळावर वाऱ्यापासून वीज करणारा मनोरा उभा राहत होता, शंभर मजल्यांहून उंच. तिथल्या कामगारांची रीत अशी, की खंडेनवमीला पाने, करवती, साखळ्या धुऊन पुजायच्या आणि हेल्मेटंही त्याच पाटावर मांडायची. सावनीला वाटलं, नुसतं हळदकुंकू काय लावायचं? तिनं पप्पांच्या टोळीची सातही हेल्मेटं घासूनपुसून लखलखीत केली नि त्यांच्यावर ऑइलपेंटनं झेंडूच्या माळा काढल्या. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. आणि आज हा कोठीतला तपासनीस रोबो एकेकावर फुली मारत सुटला होता. हेल्मेटं ठोकून बघतो म्हणून कामगारांनीच त्याचं नाव ठोक्या ठेवलं होतं.

ना तडा, ना चरा. मग बाद कशी? सावनीनं तावातावानं विचारलं.

ठोक्या वाद घालत नसे. त्यानं पेटीतलंच एक हेल्मेट लाकडी डोक्यावर बसवलं आणि मीटरभर उंचीवरून पाच किलोचं वजन त्यावर सोडलं. चांगलं हेल्मेट असतं तर नुसता धप्प आवाज होऊन प्रकरण मिटलं असतं. हे मात्र खापरासारखं फुटलं, आणि लाकडी डोक्याला चांगली बोटभर खोक पडली.

"पुसायला काय वापरलंस?" ठोक्यानं विचारलं.

थिनर. जुन्या स्टिकरचा गोंद निघेना म्हणून. सावनीनं सांगून टाकलं.

मग ठोक्यानं समजावलं. हेल्मेटचं कवच बहुवारिकाचं (साखळीसारख्या लांबलचक रेणूंपासून बनलेल्या पदार्थाचं) असतं. या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून धक्का बसला की कवच जरासं दबतं, पण फुटत नाही. थिनर हा विद्रावक (दुसऱ्या पदार्थाला विरघळवणारा द्रव). तो साखळ्यांच्या मधे शिरतो आणि त्यांची पकड सैल करतो. ऑइलपेंटमध्येही विद्रावक असतोच. वरून सगळं झकास, आतून खिळखिळं. वर्षानुवर्षं उन्हात तापलेल्या हेल्मेटचीही अशीच गत होते, म्हणून आतल्या बाजूला कोरलेली उत्पादनाची तारीख बघायची. धुवायचं ते साध्या साबणाच्या पाण्यानं.

सावनी मनातल्या मनात मोजत होती. पेटीत पाच, फुटलेलं एक. सातवं पप्पांच्या डोक्यावर होतं. लेकीनं सजवलेलं हेल्मेट मिरवायची त्यांना इतकी घाई, की तपासणी चुकवून ते भल्या सकाळीच साठाव्या मजल्यावर गेले होते. आणि त्यांच्या डोक्यावर, एकसष्टाव्या मजल्यावर, दुसरी टोळी लोखंड चढवत होती.

तिनं झडप घालून वॉकीटॉकी उचलला. हेल्मेट काढून फेका, असं ती ओरडणार, तोच ठोक्यानं तिचा हात धरला.

"काढू नका म्हण. कच्चं हेल्मेटही उघड्या डोक्यापेक्षा बरं. आधी छताखाली जा म्हण."

तिनं तसं सांगितलं. सावनीचे पप्पा मारुती घोगरे हसले. हातातला बोल्ट आवळून दहा मिनिटांत येतो, म्हणाले. त्यांच्या आवाजामागे लोखंड खणखणत होतं.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टोळीतली सहाही माणसं कोठीच्या दारात उभी राहून ऐकत होती. लाजेनं सावनीचे कान तापले.

"पप्पा, मी ते थिनरनं पुसलंय. माझ्या हातून ते नासलंय. बोल्ट राहू द्या, आत्ताच्या आत्ता निघा."

पलीकडून वाऱ्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. सावनीनं वॉकीटॉकी दोन्ही हातांनी घट्ट धरला. ती रडायच्या बेतात होती.

"आलो गं छताखाली," पप्पा म्हणाले, आणि सावनी नवं हेल्मेट काढायला वळली.

सामानाच्या लिफ्टनं नवं हेल्मेट वर गेलं. ते कसं बसवायचं, हे ठोक्या सांगत गेला आणि सावनी वर कळवत गेली. मागची चकती फिरवून पट्टा इतका आवळायचा, की खाली वाकलं तरी हेल्मेट सरकू नये. हनुवटीचा पट्टाही बांधायचा. घाम टिपायला पप्पा हेल्मेटमध्ये घडी करून रुमाल कोंबत, तो मात्र चालणार नव्हता. कवच आणि डोकं यांच्यामधली ती मोकळी जागा रिकामीच हवी. पप्पांना हे पटेना. मग ठोक्यानं बांधकामातलाच दाखला दिला. वरून टाकलेली वीट झेलताना गवंडी हात खाली नेत नेत झेलतो. वीट थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि हाताला धक्का कमी लागतो. हेल्मेटच्या आतली पट्ट्यांची जाळी त्या मोकळ्या जागेत तेच करते आणि उरलेला धक्का डोकंभर वाटून टाकते. जागा कोंबून भरली, तर जाळीनं ताणायचं कुठं? पप्पांनी मुकाट्यानं रुमाल काढला.

संध्याकाळी खाली आल्यावर त्यांनी माळेचं हेल्मेट छातीशी धरलं होतं. एवढं तरी घरी ठेवू, असं त्यांचं म्हणणं. सावनीनं ते त्यांच्या हातातून घेतलं, लाकडी डोक्यावर बसवलं आणि वजन सोडायची कळ स्वतःच दाबली.

झेंडूची माळ दोन ठिकाणी तुटून पडली. पप्पांनी फुटक्या कवचातून आरपार बोट घालून पाहिलं, मग सावनीला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही. ते रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

थोड्या वेळानं तिनं ठोक्याला विचारलं, आतून सैल झालं की आपोआप रंग बदलेल, असं हेल्मेट नाही का बनवता येणार? ठोक्याच्या माहितीत तसं हेल्मेट नव्हतं.

"मग ते साखळ्यांचं मला पुन्हा पहिल्यापासून सांग," सावनी डोळे पुसत म्हणाली. "मघाशी मी नीट ऐकलं नव्हतं."