पाण्यालगत

“नाववाले कुठे आहेत?” धक्क्यावर आलेल्या उंच माणसाने विचारलं. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. मी वल्हं पुसत होते.

“समोरच आहे,” मी म्हटलं. तो ओशाळला आणि नावेत बसला.

त्याला पलीकडच्या काठावरच्या पाणपक्ष्यांची पाहणी करायची होती. रोज सकाळी तो येई. मी फारशी बोलत नसे. तो दोघांचं बोलून घेई. काही पाखरं पाण्याला जवळजवळ टेकून जात. मासे शोधत असतील, असं मी एकदा म्हटलं. सगळीच नाही, तो म्हणाला. समोरचा वारा पाण्यालगत मंद असतो. शिवाय पंख आणि पाणी यांच्यात दबलेली हवा त्यांना उचलून धरते. वारा सुटला की बाबा उतारूंना नावेच्या तळाशी बसवायचे. का, ते मी कधी विचारलंच नाही.

काकांना नाव विकून टाकायची होती. मी हटून बसले. शेवटी धक्क्याच्या मुकादमाने तोड काढली : दुपारच्या वाऱ्यात उतारू घेऊन पलीकडे ये, मग नाव तुझ्याकडेच. पण उतारू मिळेना. जीव कोणाला नकोसा झालाय? तेव्हा हा पाखरांवालाच पुढे झाला.

मध्यावर नाव जागची हलेना. त्याचं उंच अंग समोरचा सगळा वारा अडवत होतं.

“आडवे व्हा.”

“म्हणजे... झोपू?”

“पाहणी झोपूनही होते.”

तो तळाशी पसरला. मी वाकले, वल्हं आखूड धरलं आणि दात आवळून ओढत राहिले. तळहात सोलवटले. नाव सरकू लागली... हळूहळू, पण सरकू लागली.

“असं बघू नका,” मी म्हटलं.

“वर दुसरं काय आहे बघायला?”

“आभाळ आहे.”

“ते रोजच असतं.”

पलीकडच्या काठावर मुकादम वाट पाहत उभा होता. “बापावर गेलीस,” एवढंच म्हणून तो वळला. मी वल्हं ठेवायला वाकले आणि जरा वेळ तशीच राहिले.

उतारू मात्र उतरेना.

“काम नाही का तुम्हाला?”

“पाहणी मंगळवारीच संपली.”

“मग आज इकडे कशाला आलात?”

“इकडे काही नाही...” तो थांबला. “परत जायचंय. तुमच्याबरोबर. आज, आणि... पुढेही.”

मी नाव पाण्यात लोटली.

“बसा,” मी म्हटलं. “आता वारा पाठीशी आहे. हवे तेवढे उंच व्हा.”