दहापैकी दहा

बस इथे. दिवा राहू दे चालू. तू विचारलंस ते या ऑफिसात सगळ्यांच्याच मनात आहे, फक्त तुझ्यासारखं तोंडावर विचारत नाही कुणी. ज्या माणसानं जन्मात कुठल्या व्हिडिओ गेमला सातच्या वर गुण दिले नाहीत, ज्याला संपादकबाई 'कारलं' म्हणतात, त्यानं त्या गाण्याच्या गेमला दहापैकी दहा कसे दिले? खरंच एवढी लायकी आहे का त्याची?

सांगतो. मध्ये बोलू नकोस.

तेव्हा त्या गेमचं नुसतं स्तोम माजलं होतं. जो तो म्हणे, असा प्रयोग कधी झाला नाही, आम्ही ऐकून रडलो. मला रडणाऱ्या समीक्षकांची चीड आहे. बाईंनी गेम माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "दुधाचं दूध, पाण्याचं पाणी करून टाक एकदा." मी तो घरी नेला.

माझी एक पद्धत होती. संगीताचा गेम मी पहिल्यांदा आवाज बंद करून खेळायचो. गोड गाण्याआड भिकार गेम सहज लपतो. मुका करून खेळला की उघडा पडतो. असं दुसरं कुणी करत नाही, आणि मला त्याचा केवढा तोरा.

भरदुपार होती. पडदे ओढले, पंखा लावला, गेमचा आवाज बंद केला. स्वयंपाकघरात ताई भांडी घासता घासता गुणगुणत होती. ताई माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो, तिनंच वाढवलं मला. घरी गाण्याच्या शिकवण्या घेते. एवढा घोडा झालो तरी तिचं गुणगुणणं कानावर पडल्याशिवाय मला झोप येत नसे.

स्क्रीनवर एक करडं घर होतं. प्रत्येक खोलीत उजेडाची एक लाट येते. ती दाराला टेकली की बटण दाबायचं. एवढंच. म्हटलं, डोंबल, यावर रडले हे? पहिली खोली पार केली आणि पंखा बंद पडला. वर पाहिलं तर पंखा फिरत होता. वाराही लागत होता. फक्त त्याचा आवाज येत नव्हता.

कानात दडे बसले असतील म्हणून मी पुढे खेळलो. दुसरी खोली झाली आणि रस्ता गप्प झाला. पडदा सारून पाहिलं. खाली गाड्यांची रांग लागली होती, एक बसवाला हॉर्नवर हात दाबून बसला होता, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"ताई..."

"काय रे?"

"काही नाही."

तिचा आवाज येत होता. जिवात जीव आला. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण अर्धवट खेळलेल्या गेमवर लिहायचं नाही, हा आपल्या धंद्यातला नियम.

तिसऱ्या खोलीत लाट आली. जरा रेंगाळली, श्वास घ्यावा तशी थांबली, मग पुढे सरकली. ते रेंगाळणं माझ्या ओळखीचं होतं. आत ताई त्याच क्षणी तस्संच गात होती, त्याच जागी श्वास घेत होती.

मी ठरवलं, हरायचं. बटण दाबायचंच नाही. पण पाळण्यात असल्यापासून तिच्या गाण्यावर ठेका धरलेला हात हा... सम आली आणि अंगठा आपोआप पडला. अगदी अचूक.

स्वयंपाकघरात शांत झालं.

मी धावत गेलो. ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती, मान डोलावत. "ताई... ए ताई..." ती वळली. ओठ हलले. 'काय झालं रे' असंच विचारत असणार.

संध्याकाळी शिकवणीची मुलं आली. तिच्यासमोर बसून, तिच्या पाठोपाठ, सुरात गायली. त्यांना ती ऐकू येत होती. त्यांचं गाणं मलाही ऐकू येत होतं. गेली होती ती फक्त माझ्यापुरती. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडलो.

डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मग एके दिवशी धीर करून गेमचा आवाज मोठा केला. काय सांगू तुला... पंख्याची घरघर, रस्त्यावरचा गोंगाट, आणि त्या सगळ्यावर माझी ताई. इतकं सुंदर मी आजवर काही ऐकलेलं नाही. म्हणून दहापैकी दहा. लायकी आहे त्याची. आता रोज लावतो, कारण ताईला ऐकायला मला दुसरी जागाच उरलेली नाही.

पण तू तो घरी नेऊ नकोस. गेल्या आठवड्यापासून गेममधली ताई गाता गाता मध्येच थांबते. बाहेरच्या खोलीत ताई मुलांना शिकवत बसलेली असते, मला दारातून दिसत असते. आणि गेममधून ती अगदी हळू, घाबरल्यासारखी विचारते, "बाळ्या... माझ्या जागी ती कोण बसलीय रे?"